अपुऱ्या दिवसांचं बाळ: नाळ कापताना या चुका टाळा

अपुऱ्या दिवसांचं बाळ येणार म्हटलं की लेबर रूममध्ये सगळ्यांनाच घाई सुटते. बाळ बाहेर आलं की खटकन नाळ कापायची आणि वॉर्मरपाशी (बाळाला ऊब देणाऱ्या टेबलापाशी) उभ्या डॉक्टरांच्या हाती द्यायचं, ही जुनी सवय. पण ३७ आठवड्यांच्या आतलं बाळ श्वास घेत असेल, तर किमान ६० सेकंद नाळेला क्लॅम्प (चिमटा) लावू नये. तेवढ्या वेळात वारेतलं (प्लासेंटातलं) रक्त बाळाकडे येतं आणि पुढे बाहेरून रक्त चढवायची वेळ कमी येते. २०२३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बऱ्याच चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं, त्यात थांबल्यामुळे अशा बाळांचे मृत्यूही कमी झालेले दिसले.

सगळ्यात मोठा घोळ वेळेचा. ‘झालं की मिनिट’ म्हणतात, घड्याळ मात्र कुणीच बघितलेलं नसतं. बाळ पूर्ण बाहेर आलं की एका सिस्टरनं घड्याळ लावायचं आणि मोठ्यानं सांगायचं: तीस, पंचेचाळीस, साठ. हे काम कुणाचं, ते आधीच ठरवा. आयत्या वेळी जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो.

थांबायचं म्हणून बाळाला गार पडू देऊ नका. सिझरला एसी असतो, गगनबावड्याकडे पावसाळ्यात नुसती हवाच पुरे. ३२ आठवड्यांच्या आतलं बाळ न पुसता मानेपर्यंत स्वच्छ प्लास्टिक पिशवीत घ्या, डोक्याला टोपी घाला. त्याहून मोठं असेल तर गरम टॉवेलनं पुसा आणि ओला टॉवेल लगेच बदला. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांत राहायला हवं.

थांबायला वेळ नाही म्हणून काही जण नाळ बोटांनी बाळाकडे पिळतात. २८ आठवड्यांच्या आतल्या बाळाला हे करूच नका. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा लहानग्यांच्या मेंदूत गंभीर रक्तस्राव जास्त आढळला आणि त्या वयोगटापुरती ती चाचणी मध्येच थांबवावी लागली.

बाळ रडलंच नाही तर? पाठ चोळा, मान नीट ठेवा. तरीही श्वास नाही आणि आईशेजारी बॅग-मास्क (श्वास द्यायचा हातपंप) चालवायची सोय नाही, तर मिनिट पुरं करत बसू नका. नाळ कापा, वॉर्मरवर घ्या. वार आधीच सुटली असेल, नाळ तुटली असेल किंवा आईला जोराचा रक्तस्राव होत असेल, तर एक सेकंदही थांबायचं नाही. आणि जुळी असतील तर दुसरं बाळ बाहेर येईपर्यंत आईला प्रसूतीनंतरचं ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचन पावायचं इंजेक्शन) देऊ नका. या गडबडीत ते हमखास विसरतं.

बाहेर आजी विचारतात, ‘नाळ अजून कापली न्हाई व्हय?’ प्रसूतीआधीच त्यांना दोन वाक्यांत सांगून ठेवा. थांबल्यानं थोडी कावीळ दिसली तरी प्रकाशोपचारानं ती बहुधा आटोक्यात येते, हेही सांगा.

कापताना पोटाला चिकटून कापू नका. फार लहान बाळाला बेंबीतून नळी घालावी लागू शकते, त्यासाठी नाळ थोडी लांब ठेवा. शेवटी केसपेपरवर ‘उशिरा क्लॅम्प’ एवढंच न लिहिता सेकंद लिहा, आणि लवकर कापली असेल तर कारणही.