दुसऱ्या हद्दीतील चोरीची तक्रार मी कशी नोंदवली

रात्रीच्या बसप्रवासात माझी लॅपटॉपची बॅग चोरीला गेली. सकाळी उतरल्यावर मी जवळच्या पोलीस ठाण्यात गेलो, तेव्हा गुन्हा आमच्या हद्दीत घडलेला नाही, असे सांगून मला परत पाठवण्यात आले. झोपलेल्या प्रवाशाने चोरीचे नेमके ठिकाण कसे सांगावे, हा प्रश्न मला फार अस्वस्थ करून गेला.

मग मी लेखी तक्रार तयार केली. बॅग शेवटची पाहिली तो थांबा व वेळ, आसन क्रमांक, लॅपटॉपचा अनुक्रमांक असा सगळा तपशील लिहून खरेदीचे बिल जोडले. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय करू शकतात अशा गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी, नोंदवून घ्यावी लागते, हे मी ठाणे अंमलदारांना नम्रपणे दाखवले. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. नकार कायम राहिला असता, तर हीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवण्याची माझी तयारी होती.

नोंद झाली. सही करण्यापूर्वी मजकूर वाचला, तेव्हा चुकलेली वेळ दुरुस्त करून घेता आली. प्रत विनामूल्य मिळाली.