घरात आध्यात्मिक पुढाकार घेताना नवरे आणि वडील कुठं चुकतात: या चुका टाळा

आमच्या घरी कौटुंबिक प्रार्थना मी ३ वेळा सुरू केली आणि तिन्ही वेळा बंद पडली. चौथ्यांदा सुरू झाली ती टिकली, आता ६ वर्षं होतील. मधल्या काळात मी हेच धरून बसलो होतो की घरच्यांनाच आवड नाही, बायको थकलेली असते, पोरांचं लक्ष नसतं, पण खरी अडचण माझ्यात होती. सगळ्यांना धरून बसवायचं आणि आपण बोलायचं, यालाच मी घराचं पुढारपण समजत होतो. चर्चमधल्या भावांशी बोलतो तेव्हा जाणवतं की बऱ्याच जणांचं गाडं इथंच अडलंय, म्हणून मनापासून लिहितोय.

पहिल्याच दिवशी अख्खं बायबल

१ जानेवारी, नवीन वही, आणि ठरवायचं की वर्षभरात उत्पत्ती ते प्रकटीकरण, म्हणजे पहिल्या पुस्तकापासून शेवटच्यापर्यंत. बायबलचे अध्याय आहेत १,१८९, म्हणजे रोज ३ पेक्षा जास्त. उत्पत्तीत गोष्टी आहेत त्यामुळं ५० अध्याय निघून जातात, पुढच्या निर्गमात निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू झाली की पोरं जांभया देतात, आणि जानेवारी संपता संपता लेवीय, अर्पणांच्या नियमांचं पुस्तक, येतं तेव्हा घरात प्रार्थना बंद झालेली असते. माझी पहिली खेप अशीच गेली. लेवीय वाईट आहे असं नाही हो, पण ७ वर्षांच्या पोरासमोर दिवसभर राबून आलेल्या माणसानं एका दमात वाचायचं ते पुस्तक नाही.

मार्कपासून सुरू करा. १६ अध्याय, भराभर पुढं जाणारं शुभवर्तमान, रोज १०-१२ वचनं घेतली तर साधारण दोन महिन्यांत होतं. वाचन, एखादा प्रश्न, छोटी प्रार्थना, सगळं मिळून १० मिनिटं. फारच थकलेली रात्र असेल तर स्तोत्र ११७ वाचा, २ वचनांचं आहे, तेवढंही पुष्कळ झालं. आणि वेळ अशी धरा की माणसं आधीच एकत्र बसलेली असतील. आम्ही जेवण झाल्यावर ताटं उचलायच्या आत करतो, कारण एकदा सगळे आपापल्या खोलीत गेले की हाका मारण्यातच अर्धा उत्साह जातो.

प्रार्थनेच्या आडून पोरांना बोलणं

"प्रभू, ह्याला मोबाईल बाजूला ठेवायची बुद्धी दे, हिला आईला उलट बोलायची सवय लागलीय ती मोड." हे मी कितीतरी महिने केलंय. पोरगं डोळे मिटून बसलेलं, उत्तर देता येत नाही, उठून जाता येत नाही, आणि बाप देवाशी बोलतोय असं दाखवून निशाणा त्याच्यावर धरतोय. आमची मुलगी तेव्हा ११ वर्षांची होती, प्रार्थना सुरू व्हायची वेळ झाली की तिला बाथरूमला जायचं असायचं, रोजच. मला कळायला फार वेळ लागला.

इफिसकरांस पत्राच्या ६:४ (अध्याय ६, वचन ४) मध्ये प्रेषित पौल बापांना सांगतो की मुलांना चिरडीस आणू नका, आणि कलस्सै ३:२१ मध्ये कारणही देतो, मुलं खचतात म्हणून. पोराला जे सांगायचं ते वेगळं, एकटं गाठून, तोंडावर सांगा. प्रार्थनेत त्याच्यासाठी मागायचं असेल तर आधी त्यालाच विचारा, "तुझ्यासाठी काय मागू?" आमच्या मुलानं पहिल्यांदा सांगितलं होतं की वर्गातला एक जण बोलत नाही माझ्याशी. हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं!

त्यातच आणखी एक. प्रार्थनेचा आवाज वेगळा काढू नका. मुलाला एकदा प्रार्थना करायला सांगितली तर त्यानं गळा जड करून "हे कृपाळू, दयाळू, सर्वसमर्थ" असं माझ्याच चालीत सुरू केलं, आणि तेवढं झाल्यावर पुढं काय म्हणायचं हे त्याला सुचेना. मी रोज त्याला एवढंच शिकवलं होतं.

बायकोला वचन काढून दाखवणं

भांडण झालं की इफिस ५:२२ उघडायचं, "पतीच्या अधीन राहा", आणि पुस्तक मिटायचं. भावांनो, मिटू नका, पुढं वाचा. बायकांना उद्देशून ३ वचनं आहेत, नवऱ्यांशी पौल २५ पासून पार ३३ पर्यंत बोलतोय, आणि माप देतोय ते ख्रिस्ताचं, ज्यानं मंडळीसाठी, म्हणजे आपल्या विश्वासणाऱ्यांसाठी, स्वतःला दिलं. आणि २२ च्या आधी २१ आहे, एकमेकांच्या अधीन राहा. ते वचन बायकोनं वाचायचं, आपलं आपण वाचायचं, कुणी कुणाला दाखवायचं नाही. १ पेत्र ३:७ तर नवऱ्यांनी रोज आठवावं असं आहे, बायकोशी समजून, मान देऊन वागा, नाहीतर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल. घरात प्रार्थना कोरडी चाललीय असं वाटत असेल तर आधी इथं शोधा. आणि हात उगारला जात असेल, घरात भीती असेल, तर तिथं पुढारपणाची गोष्टच करू नये, आधी बायकापोरं सुरक्षित राहिली पाहिजेत आणि त्या माणसानं बाहेरची मदत घेतली पाहिजे, पाळकांची आणि गरज पडेल तर कायद्याचीसुद्धा.

याच्याच जवळची एक चूक आहे. बरेच नवरे वर्षानुवर्षं काहीच करत नाहीत, सगळं बायकोवर, पोरांना वचनं पाठ तिनं करून घ्यायची, झोपताना प्रार्थना तिनं घ्यायची. मग चर्चमधल्या एका संदेशानंतर साहेबांना जाग येते आणि दुसऱ्या दिवसापासून "आता मी घेणार". ती इतके दिवस जे चालवत होती ते एका झटक्यात बाजूला. असं करू नका. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचा विश्वास आधी त्याच्या आजीत, लोईसमध्ये, आणि आई युनीकेत होता असं पौल लिहितो, वडील ग्रीक होते एवढंच प्रेषितांच्या पुस्तकात कळतं. बायकोनं जे जपलंय त्याबद्दल आधी तिचे आभार माना, मग विचारा, "मी काय उचलू?" माझ्या बायकोनं सांगितलं, "तुम्ही फक्त रोज वेळेवर बसा." मला वाटलं होतं ती म्हणेल तुम्ही वचन समजावून सांगा.

माफी न मागता बायबल उघडणं

एका संध्याकाळी लाईटबिल सापडेना यावरून मी बायकोवर ओरडलो, चांगलाच ओरडलो, पोरं बघत होती. २० मिनिटांनी जेवण झालं, मी बायबल उघडलं, योहान १३ लागला होता. येशू जेवणावरून उठतो, रुमाल कमरेला बांधतो, शिष्यांचे पाय धुतो. पाचव्या वचनाला माझा आवाजच निघेना. बोट पानात तसंच ठेवून मी बायकोला म्हणालो, "मघाशी मी चुकलो, ओरडायला नको होतं, मला माफ कर." ती काही बोलली नाही, तिनं पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला. मुलानं हळूच बायबल ओढून घेतलं, "पप्पा, पुढचं मी वाचू?" आणि अडखळत अडखळत त्यानं अध्याय संपवला. आमची चौथी खेप खरी त्या रात्रीपासून धरायची.

घरात सगळ्यात आधी गुडघे टेकायचे ते आपण. पोरांना आपला राग माहीत असतो, पश्चात्ताप दिसलेला नसतो, आणि तो दिसला नाही तर आपण वाचलेली क्षमेची वचनं त्यांना पुस्तकातलीच वाटणार. माफी मागताना "पण तूसुद्धा" जोडू नका, फक्त आपलं तेवढं बोला.

चर्चला वेळ, घराला नाही

एली याजकाचं बघा. पुढं संदेष्टा झालेल्या शमुवेलाला परमेश्वराचा आवाज ओळखायला त्यानंच शिकवलं, आणि त्याची स्वतःची मुलं, हफनी आणि फिनहास, परमेश्वराला ओळखत नव्हती. तो त्यांना बोलला, पण म्हातारपणी, आणि नुसतंच बोलला, आवरलं नाही. दावीद राजाचंही तसंच, त्याचा मुलगा अदोनीया, त्याला बापानं कधी "असं का केलंस" म्हणून विचारलंच नव्हतं असं १ राजे १:६ सांगतं. कमिटी, गायनमंडळ, प्रार्थनासभा सगळं करणाऱ्या भावांना प्रेमानं सांगतो, आठवड्यातल्या किती संध्याकाळी घरी असता ते मोजा. आणि चिरडीस आणू नका याचा अर्थ काहीच बोलू नका असा होत नाही.

आता नेहमीच्या अडचणी

मधे ४ दिवस चुकलं तर पाचव्या दिवशी नुसतं बसायचं, चुकल्याचं भाषण द्यायचं नाही, कुणाचा दोष होता ते काढायचं नाही.

नाईट शिफ्ट असेल, नोकरी बाहेरगावी असेल तर फोनवर एक वचन आणि एक प्रार्थना, तीही पोरांची नावं घेऊन. ईयोब सकाळी लवकर उठून आपल्या एकेका लेकरासाठी होमार्पण करायचा.

मोठं पोरगं बसायलाच तयार नसेल तर खेचू नका. १५-१६ च्या वयात जबरदस्ती केली की ते शरीरानं बसतं आणि मनानं कायमचं उठतं. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात ६:७ मध्ये मुलांना वचन शिकवायला सांगितलंय, त्यात घरी बसताना आहे तसं वाटेनं चालतानाही आहे, तेव्हा गाडीवर सोडायला जाताना बोला, त्याचं आधी ऐका. त्याच्याशिवाय प्रार्थना चालू ठेवा, दार उघडं ठेवून, आवाज आत जाईल एवढा.

आणि पोरांनी विचारलेलं येत नसेल तर? माझी आई गेली तेव्हा मुलीनं विचारलं होतं, आपण रोज मागत होतो ना, मग आजी का बरी झाली नाही. मी आधी काहीतरी जुळवून सांगायला लागलो, मग थांबलो आणि म्हटलं, बाळा, मला माहीत नाही. आम्ही स्तोत्र १३ काढलं, त्यात दावीद देवाला पुन्हा पुन्हा विचारतो, कुठवर, अजून कुठवर. तिनं विचारलं, "असं देवाला विचारलेलं चालतं?" म्हटलं, हे बघ, बायबलमध्येच छापलंय. दुसऱ्या दिवशी ताटं उचलायच्या आत तिनं स्वतःच तेच पान उघडून ठेवलं होतं.