तिसऱ्या करताना या चुका टाळा

तिसऱ्यांचे, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचे, सुके बिघडले की दोष मसाल्याला दिला जातो. खोबरे करपले, कोकम जास्त पडले, अशी कारणे शोधली जातात. पण बहुतेकांचे सुके फोडणी पडण्याआधीच बिघडलेले असते. जिथे वेळ द्यायचा त्या निवडण्या-धुण्यात घाई करायची आणि जिथे चटपट आटपायचे त्या विस्तवावर रेंगाळायचे, अशी उलटी पद्धत नवशिक्यांमध्ये सर्रास दिसते.

पहिली चूक गोड्या पाण्याची. तिसरी हा खाडीच्या वाळूत राहून, पाणी गाळून पोट भरणारा जीव आहे. नळाच्या पाण्यात बुडवली की ती शिंपले घट्ट मिटून घेते आणि रेती आतच राहते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, खाडीचे पाणी त्याहून सौम्य असते. म्हणून मी लिटरला २५ ते ३० ग्रॅम मीठ घालते, तिसऱ्या परातीत एका थरात पसरते आणि जेमतेम बुडतील एवढ्याच पाण्यात दोन-तीन तास अंधाऱ्या जागी ठेवते. त्यानंतर परात चाळणीत उपडी करू नये. तसे केल्यास तळाला बसलेली रेती पुन्हा तिसऱ्यांवरच पडते. त्या हाताने उचलून घ्याव्यात.

दुसरी चूक मात्र अख्खे भांडे वाया घालवणारी आहे. मेलेल्या तिसरीच्या मिटलेल्या शिंपल्यांत कधी कधी नुसता काळा चिखल भरलेला असतो आणि बाहेरून ती अगदी चांगल्या तिसरीसारखी दिसते. आमच्या नात्यातल्या एका घरी केळवणाचा बेत होता. घरच्या नव्या सुगरणीने कुठल्याशा व्हिडिओत पाहिल्याप्रमाणे धुतलेल्या तिसऱ्या थेट उकळत्या वाटणात सोडल्या, आणि मी ‘आधी वेगळ्या उघडून घे’ म्हटल्यावर ‘त्याने चव पाण्यात जाते’ असे उत्तर मिळाले. पाचच मिनिटांत झाकण काढले, तर वाटणाचा रंग राखाडी झाला होता आणि घरभर कुजट वास पसरला होता. एवढ्या भांड्यात तसली शिंपी एकच निघाली. पाहुणे ताटावर बसलेले असताना शेवटी अंडी उकडावी लागली.

म्हणून मी प्रत्येक तिसरी हातात घेते आणि अंगठ्याने दोन्ही शिंपले आडवे सरकवून पाहते. जिवंत तिसरी हलत नाही, चिखलाची सरकते. उघडी असलेली तिसरी टिचकी मारूनही मिटली नाही, तर ती टाकून द्यावी. विळीवर चिरून एकशिपी, म्हणजे मांस एकाच शिंपीत राखून, करायची असेल, तर प्रत्येकीचे पोट डोळ्यांना दिसतेच. मला तीच रीत सर्वांत भरवशाची वाटते. चिरणे सोपे जावे म्हणून तिसऱ्या फ्रीजरमध्ये ठेवणाऱ्यांनी ही निवड आधीच उरकावी, कारण गोठल्यावर जिवंत आणि मेलेली यांत फरक करता येत नाही.

चिरायच्या नसतील, तर झाकणाच्या भांड्यात अर्धी वाटी पाणी घालून मोठ्या आचेवर ठेवाव्यात आणि जसजशा उघडतील तसतशा काढून घ्याव्यात. तीन ते पाच मिनिटे पुरतात. मिटलेल्याच राहिल्या त्या फेकाव्यात. सुरीने उघडण्याचा हट्ट नको. भांड्यात उरलेले पाणी ओतून देणाऱ्यांना काय म्हणावे? चव त्यातच उतरलेली असते. ते थोडे निवळू द्यावे, मलमलीच्या कापडातून गाळावे आणि तळचा घोटभर गाळ सोडून द्यावा. हे पाणी खारट असल्याने ते सुक्यात पडून चव पाहिल्याखेरीज मिठाला हात लावू नये.

कुकर लावू नये. तिसऱ्यांचे रबर होते.

मसाला पुरता शिजल्यावरच उघडलेल्या तिसऱ्या त्यात घालाव्यात आणि दोन वाफांत गॅस बंद करावा. सुक्याला ओले खोबरे आणि कोकम शेवटी; भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण कालवणाला शोभते, सुक्यात ते तिसरीची मूळ गोडी झाकून टाकते. आले-लसणाचा मारा हीदेखील शिळेपणा लपवायचीच युक्ती आहे.

सुके उरलेच, तर मांस शिंपल्यांतून सोडवून लगेच फ्रीजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी तव्यावर एकदाच, चांगली वाफ येईपर्यंत गरम करून संपवावे.