ब्रेमेनमध्ये जुन्या इमारती, ट्राम आणि रेल्वेगाड्यांची छायाचित्रे कशी काढावीत

औंधच्या ब्रेमेन चौकातून रोज ये-जा करणाऱ्या अनेक पुणेकरांची मुले आज जर्मनीत शिकत आहेत किंवा नोकरीत स्थिरावली आहेत आणि त्यांना भेटायला जाताना घरातला चांगला कॅमेरा बरोबर नेण्याची पद्धतही आता रुळली आहे. ज्या शहराचे नाव आपल्या या चौकाला मिळाले आहे, त्या ब्रेमेनमध्ये सहाशे वर्षांचे नगरभवन, त्याच्या अंगावरून जाणारी ट्राम आणि एकोणिसाव्या शतकातले रेल्वे स्थानक ही तिन्ही एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. म्हणून हा लेख त्या एकाच शहराला धरून लिहिला आहे. त्यातले तंत्र मात्र जर्मनीतल्या कोणत्याही ट्रामच्या शहरात उपयोगी पडेल.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. गाडीच्या मागे जाऊ नये, इमारतीची चौकट आधी बांधावी आणि त्या चौकटीत गाडी येण्याची वाट पाहावी. पहिल्या भेटीत मी दिवसभर प्रत्येक ट्राम दिसताच कॅमेरा उचलत राहिलो आणि घरी येऊन पाहिले तेव्हा बहुतेक चित्रांत ट्राम चांगली होती, पण तिच्यामागची इमारत अर्धी कापली गेली होती. दुसऱ्या दिवशी मी एकाच जागी दीड तास उभा राहिलो. चौकट तीच, प्रकाश तोच, फक्त ट्राम बदलत होत्या, आणि त्या दीड तासात मनासारखी चार चित्रे मिळाली.

हा सराव पुण्यात करून जाता येतो. पुण्यात ट्राम नाही आणि मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. पण बाजीराव रस्त्यावर विश्रामबाग वाड्यासमोर सकाळी उभे राहिले, तर १८०७ सालच्या त्या वाड्याचा लाकडी सज्जा आणि त्याखालून जाणारी पीएमपीची बस यांचे नाते ब्रेमेनच्या चौकातल्या नात्यासारखेच आहे. बस चौकटीत कुठे असताना सज्ज्याचे नक्षीदार खांब झाकले जात नाहीत, हे तिथे दहा-बारा बस जाऊ दिल्या की आपोआप कळते. मेट्रो मुठा नदीकाठून जाते, तिथे पुलाचे खांब आणि डबे यांची जुळणीही पाहून ठेवावी.

प्रकाशाबाबत मात्र पुण्याच्या सवयी सोडाव्या लागतात. ब्रेमेन सुमारे ५३ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरच्या मध्यान्हीलाही तिथला सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेतेरा अंश वर येतो, तर त्याच दिवशी पुण्यात तो सुमारे ४८ अंशांवर असतो. याचा अर्थ, हिवाळ्यात आकाश निरभ्र असेल तर पुण्यात फक्त सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताआधी मिळणारा तिरका, नक्षी उठवणारा प्रकाश तिथे दिवसभर मिळतो. मात्र दिवस चारच्या सुमारास संपतो आणि अरुंद गल्ल्या पूर्णपणे सावलीत राहतात. जूनमध्ये सूर्यास्त रात्री साडेनऊच्या पुढे होतो आणि घड्याळ एक तास पुढे केलेले असल्यामुळे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, तर दीडच्या सुमारास. दुपारच्या कडक उन्हाची वेळ टाळायची, तर हा हिशेब ध्यानात हवा.

आता मुख्य चौक, म्हणजे मार्क्टप्लाट्स. नगरभवन १४०५ ते १४१० या काळात उभे राहिले आणि त्याच्या दर्शनी भागाला आजचे कोरीव रूप सतराव्या शतकाच्या आरंभी ल्युडर फॉन बेंटहाइम या बांधकामतज्ज्ञाने दिले. समोर १४०४ सालचा रोलांडचा दगडी पुतळा आहे. नगराच्या हक्कांचा तो रक्षक मानला जातो. ही दोन्ही स्मारके २००४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. दर्शनी भाग साधारण दक्षिण-पश्चिमेकडे असल्याने दुपारनंतरचे ऊन त्यावर तिरके पडते, आणि तेव्हा खालच्या कमानींच्या ओवरीत सावली साठते व वरच्या मूर्ती उजळतात. हीच वेळ राखून ठेवावी. सकाळी हा भाग सपाट आणि निळसर दिसतो.

उभे राहण्यासाठी चौकाच्या समोरच्या बाजूची जागा उत्तम आहे. तिथे व्यापारी मंडळाची सोळाव्या शतकातली इमारत, श्युटिंग, आहे. तिच्या पायऱ्यांजवळून २४ ते २८ मिमीच्या भिंगात नगरभवन पूर्ण मावते. चित्राच्या खालच्या तिसऱ्या भागात ट्राम राहील अशी चौकट बांधावी, म्हणजे ओवरी झाकली गेली तरी वरची सगळी नक्षी मोकळी राहते. ट्राम अगदी मध्यावर असताना इमारत दोन तुकड्यांत विभागल्यासारखी वाटते. तिचे तोंड चौकटीच्या एका कडेपासून साधारण एक-तृतीयांश आत आले की शटर दाबावे आणि तिच्यापुढे थोडी मोकळी जागा ठेवावी. विजेच्या तारा चित्रात येणारच. त्या संगणकावर पुसून टाकण्याकडे माझा कल नाही, कारण १८७६ साली घोड्यांच्या ट्रामने सुरुवात झालेल्या शहराच्या प्रवासाचा तोही एक भाग आहे. फक्त एखादी तार रोलांडच्या चेहऱ्यावरून जात असेल, तर दोन पावले बाजूला सरकावे.

उंच इमारतीसमोर कॅमेरा वर झुकवला की भिंती मागे कलंडल्यासारख्या दिसतात. उपाय सोपा आहे: कॅमेरा क्षितिजाशी समांतर धरावा, शक्य तितके मागे जावे, खाली येणारा जास्तीचा फरसबंदीचा भाग नंतर कापावा. चौकात ओल असेल तर तो भाग कापूही नये, कारण ओल्या दगडांत दिव्यांचे प्रतिबिंब सुंदर येते. सॉफ्टवेअरमध्ये कलंडलेल्या भिंती सरळ करता येतात. पण तसे केल्यावर कडा कापल्या जातात, म्हणून सुरुवातीलाच चारी बाजूंनी जागा सोडावी.

शटरबद्दल एक बारीक पण उपयोगाची गोष्ट. ट्रामच्या आणि गाड्यांच्या माथ्यावरचे एलईडी फलक सतत लुकलुकत असतात आणि १/५०० सेकंदाला त्यांवरील क्रमांक अर्धवट उमटतो. १/१२५ किंवा त्याहून मंद शटर ठेवले तर क्रमांक सहसा पूर्ण वाचता येतो. चौकात ट्राम सावकाश जाते आणि तिरकी समोरून येत असेल तर तेवढ्या वेळात फारशी हलत नाही, त्यामुळे हा सौदा परवडतो. आडव्या जाणाऱ्या गाडीसाठी मात्र १/३० ला पॅनिंग करावे, म्हणजे शटर उघडे असताना कॅमेरा गाडीबरोबर फिरवत न्यावा; त्यामुळे गाडी स्पष्ट आणि मागची भिंत वाहती दिसते. इमारतीच्या चित्रात पॅनिंग वापरू नये. तिथे दगडच धूसर होऊन जातात.

तिथून थोड्या अंतरावर असलेली ब्योट्खरश्ट्रासं ही १९२२ ते १९३१ दरम्यान बांधलेली विटांची गल्ली आणि नगरभवनाच्या पश्चिम बाजूचा, ग्रिम बंधूंच्या परीकथेतल्या गाढव, कुत्रा, मांजर व कोंबड्याचा पुतळा ही दोन्ही अवश्य पाहावीत, पण तिथे ट्राम नाही आणि गर्दी असते, म्हणून सकाळी लवकर जावे.

मुख्य रेल्वे स्थानक मला या शहरात सर्वाधिक आवडते. १८८९ साली पूर्ण झालेली ही विटांची इमारत ह्युबर्ट श्टीअर यांनी रचली. तिचा दर्शनी भाग दक्षिणेकडे, शहराकडे आहे, त्यामुळे हिवाळ्यात जवळजवळ दिवसभर त्यावर ऊन असते. समोरच्या पटांगणातच ट्रामचे थांबे आहेत, म्हणून स्थानक आणि ट्राम एकाच चित्रात येतात. आत फलाटांवरचे मोठे कमानदार छप्पर चित्राला आपोआप चौकट देते. फलाटाच्या टोकाला, छप्पर संपून आकाश सुरू होते तिथे, बाहेरचा प्रकाश प्रमाण धरून एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते, ठरवावे. आतले छप्पर काळसर राहील, ते तसेच राहू द्यावे. ब्रेमरहाफेन बंदराचे कंटेनर आणि मोटारी वाहणाऱ्या लांबलचक मालगाड्याही याच स्थानकातून जातात. पांढऱ्या आयसीई या वेगवान प्रवासी गाडीच्या प्रतीक्षेत त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नये.

नियमांची माहिती थोडक्यात. स्थानकावर स्वतःच्या आनंदासाठी छायाचित्रे काढायला हरकत नसते. व्यावसायिक कामाला आधी परवानगी लागते. येणाऱ्या गाडीवर फ्लॅश कधीही मारू नये, फलाटावरची सुरक्षा रेषा ओलांडू नये आणि रुळांवर तर पाऊलच ठेवू नये. सार्वजनिक रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीच्या बाहेरील रूपाचे चित्र प्रसिद्ध करता येते. ही मोकळीक ड्रोनला लागू नाही, असे तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले. एखाद्या व्यक्तीचा चेहरा चित्राचा मुख्य विषय होत असेल, तर प्रसिद्ध करण्यापूर्वी तिची संमती घ्यावी. आणखी एक: हॉर्नच्या आवाजावर विसंबून रस्ता ओलांडणाऱ्या आपल्या कानांना तिथली ट्राम येताना ऐकूच येत नाही, तेव्हा डोळा कॅमेऱ्याला लावून मागे सरकण्याआधी रूळ कुठे आहेत ते पाहावे.

संध्याकाळ व्हिल्हेल्म काइझन पुलाजवळ घालवावी. वेझर नदीवरच्या या पुलावरून ट्राम जाते आणि पलीकडच्या काठावरून जुने शहर व कॅथेड्रलचे मनोरे दिसतात. पुण्यात सूर्यास्तानंतरचा निळा प्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत विझतो. तिथे जूनमध्ये तो सुमारे पाऊण तास टिकतो, म्हणून घाई करण्याचे कारण नाही. ट्रायपॉडवर आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १००, भिंगाचे छिद्र एफ/८ आणि शटर सहा सेकंद ठेवून ट्राम पुलावर येताच शटर उघडले, तर दिव्यांची एक सलग रेघ पुलावर उमटते. दोन ट्राम एकाच वेळी येईपर्यंत थांबता आले तर उत्तमच.

हिवाळ्यात बॅटरी थंडीने लवकर उतरते, म्हणून दुसरी बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात ठेवावी. घरात शिरण्यापूर्वी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे आणि तो खोलीइतका गरम होईपर्यंत, साधारण तासभर, पिशवी उघडू नये. नाहीतर भिंगाच्या आत दव धरते. चित्रे लगेच पाहायची असतील, तर मेमरी कार्ड बाहेर असतानाच काढून घ्यावे.