गिनी पिगसाठी घरात खेळण्याचे कुंपण कसे उभारावे

गिनी पिगला पिंजऱ्यातून काढून हॉलच्या मधोमध मोकळ्या फरशीवर सोडले, तर तो बहुतेक वेळा जागीच थिजून बसतो किंवा सोफ्याखाली दडतो, आणि घरातल्यांना वाटते की याला खेळण्याची आवडच नाही. खरे कारण वेगळे असते. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीत माणसाळवला गेलेला हा प्राणी मुळात शिकाऱ्यांचे भक्ष्य आहे. त्याचे रानटी भाऊबंद गवतातल्या ठरलेल्या वाटांवरून, झुडपांच्या आडोशाने ये-जा करतात, आणि उघडे मैदान त्यांच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याची जागा असते. म्हणून प्लेपेन, म्हणजे खेळण्याचे कुंपण, उभारताना आधी आडोसा आणि मग मोकळीक हा क्रम धरावा. जागा थोडी कमी असली तरी निभावते, पण आडोसा नसेल तर मोठे कुंपणही ओस पडते.

जागा ठरवणे

दोन गिनी पिगसाठी चार फूट बाय चार फूट जागा पुरेशी होते, मात्र शक्य असेल तर सहा बाय तीन असा लांबट आकार घ्यावा, कारण हे प्राणी फारसे चढत नाहीत, कडेकडेने सरळ रेषेत धावतात. ‘दोन’ हा आकडा मुद्दाम लिहिला आहे. गिनी पिग कळपात राहणारा प्राणी असून स्वित्झर्लंडमध्ये २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांनुसार तो एकटा पाळताच येत नाही. जोडी दोन माद्यांची किंवा नसबंदी केलेला नर आणि मादी अशी असावी. दोन नरही जमतात, पण त्यांना जागा जास्त लागते. सोबतीसाठी ससा आणून ठेवण्याची पद्धत मात्र चुकीची आहे. सशाच्या लाथेने गिनी पिगला गंभीर इजा होऊ शकते, शिवाय सशांना त्रास न देणारे काही जिवाणू गिनी पिगच्या फुप्फुसांना घातक ठरतात.

कुंपण खोलीच्या कोपऱ्यात, दोन बाजूंना भिंत येईल असे मांडावे. टीव्हीचा स्पीकर, दाराची ये-जा आणि स्वयंपाकघर यांपासून ते दूर असावे. या प्राण्यांची श्वसनसंस्था नाजूक असते, त्यामुळे मिरचीच्या फोडणीचा ठसका, उदबत्तीचा धूर आणि डासांची कॉइल या तिन्ही गोष्टी त्यांना बाधतात. बाल्कनी मोकळी दिसते खरी, पण तिथे ऊन, कावळे आणि मांजरे असतात, म्हणून तो विचार सोडून द्यावा. खोलीचे तापमान १८ ते २३ अंश सेल्सिअस असले तर उत्तम. २६-२७ अंशांच्या पुढे उष्माघाताचा धोका सुरू होतो, याचा अर्थ आपल्याकडे मार्च ते जूनची वेगळी तयारी करावीच लागते. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

कुंपण जोडणे

कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारे घडीचे लोखंडी कुंपण सर्वांत सोपे. स्वस्तात करायचे असेल तर कपाटासारखे रॅक जोडण्यासाठी मिळणाऱ्या साधारण चौदा इंची चौकोनी जाळ्या घेऊन त्या नायलॉनच्या केबल टायने एकमेकींना बांधाव्यात. प्रत्येक सांध्यावर वर, मध्ये आणि खाली असे तीन टाय लावावेत, त्यांची गाठ बाहेरच्या बाजूला ठेवावी आणि उरलेले शेपूट अगदी मुळाशी कापावे, कारण तिरके कापलेले टोक सुईसारखे टोचते. प्रौढ गिनी पिगला चौदा-पंधरा इंचांची उंची पुरते. जाळीच्या गजांमधले अंतर दीड इंचापर्यंत चालते. पण दुकानातून आणलेली मादी कधी कधी आधीच गाभण निघते आणि तिची पिल्ले जन्मतःच डोळे उघडी असलेली, पळती असतात, तेव्हा हे अंतर एक इंचाच्या आत हवे.

जाळीच्या आतल्या बाजूने तळाशी सहा इंच उंचीची सनपॅकची पट्टी लावावी. बॅनर आणि फलक करणाऱ्यांकडे हा पोकळ नळ्यांचा प्लास्टिकचा पत्रा मिळतो. कोपऱ्यात तो वळवण्यासाठी कटरने फक्त वरचा थर चिरावा, खालचा शाबूत ठेवावा आणि चिरेच्या उलट बाजूला घडी घालावी, म्हणजे कोपरा नीट काटकोनात बसतो. या पट्टीमुळे गवत आणि लेंड्या घरभर पसरत नाहीत, जाळीत पाय अडकत नाही, आणि मुख्य म्हणजे जमिनीच्या पातळीवरून पाहणाऱ्या गिनी पिगला भिंत असल्याचा दिलासा मिळतो. पट्टीची वरची कड कुरतडली जात आहे का, हे अधूनमधून पाहावे. एका जाळीला एकाच बाजूने टाय बांधून दुसरी बाजू मोठ्या चिमट्याने अडकवली की दार तयार होते. घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर वरून झाकणही लागते, मग ते प्राणी कितीही गरीब स्वभावाचे असोत.

जमीन

सगळ्यात जास्त विचार जमिनीचा करावा, कारण गिनी पिगच्या तळव्यांवर केस नसतात. गुळगुळीत फरशीवर त्यांचे पाय फाकतात, तर जाळीच्या किंवा सतत ओल्या जमिनीवर तळव्यांना जखमा होऊन त्या चिघळतात, आणि हा आजार बरा व्हायला फार वेळ घेतो. सर्वांत खाली जुन्या फ्लेक्सचा किंवा जाड प्लास्टिकचा तुकडा अंथरावा आणि त्याच्या कडा सनपॅकच्या पट्टीखाली दाबून टाकाव्यात. त्यावर जुन्या चादरींच्या चार-पाच घड्या, आणि सर्वांत वर फ्लीसचे, म्हणजे लोकरीसारख्या मऊ कृत्रिम कापडाचे, ब्लँकेट. फ्लीस स्वतः ओले राहत नाही, लघवी खालच्या थरात सोडते, परंतु नव्या कापडावर पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहतात. ते कापड गरम पाण्यात दोन-तीनदा धुवावे आणि मग चमचाभर पाणी ओतून पाहावे. पाणी लगेच खाली उतरले तरच ते अंथरावे. धुताना कपडे मऊ करणारे द्रव्य वापरू नये, त्याने ही शोषण्याची क्षमता जाते.

गोधडी अंथरण्याचा मोह अनेकांना होतो. ती मऊ आणि शोषक असते, पण तिचे सुटलेले धागे बोटाभोवती गुंडाळले जाऊन बोटाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, म्हणून गोधडी खालच्या थरातच ठेवावी. टर्किश टॉवेलच्या फासांत नखे अडकतात, त्यालाही तोच नियम. सुताराकडचा भुसा अजिबात वापरू नये; त्यात प्लायवुडचा डिंक, रसायने आणि बारीक धूळ असते.

आडोसे मांडणे

जितके प्राणी, त्याहून निदान एक जास्त लपण्याची जागा असावी, आणि प्रत्येक जागेला दोन दारे असावीत. एकच दार असले की वरचढ गिनी पिग दारात ठाण मांडतो आणि आतला कोंडला जातो; भांडणांचे हे नेहमीचे कारण आहे. आडवा ठेवलेला माठ उन्हाळ्यात गार असतो, पण त्याला तोंड एकच असल्यामुळे तो जोडीसाठी योग्य नाही. पुठ्ठ्याचे खोके सर्वांत चांगले. त्याच्या पिना आणि चिकटपट्टी काढून टाकावी, समोरासमोरच्या दोन बाजूंना चार-पाच इंचांची कमान कापावी आणि खोके उलटे ठेवावे. ते कुरतडले गेले तर बिघडत नाही, दुसरे करता येते.

ही खोकी कडेने फूट-दीड फुटांच्या अंतरावर मांडावीत, म्हणजे एका आडोशातून दुसऱ्यात पळण्याची वाट तयार होते. एका कोपऱ्यावर फ्लीसच्या पट्ट्या झालरीसारख्या सोडल्या तर त्यांतून ये-जा करणे त्यांना फार आवडते. सुरुवातीचे काही दिवस कुंपणाच्या अर्ध्या भागावर वरून चादरही टाकून ठेवावी.

खेळण्यांवर फार खर्च करण्याचे कारण नाही. दुकानात मिळणारे फिरते चाक, प्लास्टिकचा गोळा आणि पट्टा या वस्तू गिनी पिगसाठी निरुपयोगीच नव्हेत, त्याच्या पाठीच्या कण्याला घातक आहेत. गवत भरलेली कागदी पिशवी किंवा फवारणी न केलेल्या पेरूच्या झाडाची वाळकी फांदी पुरते. पुठ्ठ्याची नळी द्यायची असेल तर ती लांबीत उभी चिरून द्यावी, नाहीतर तिच्यात डोके अडकते.

गवत, पाणी आणि भाजी

वाळलेले गवत प्लेपेनमध्ये सतत असले पाहिजे. सतत वाढणारे दात झिजणे आणि आतडे चालू राहणे, दोन्ही त्यावरच अवलंबून असते. टिमथी किंवा ओटचे गवत ऑनलाइन मिळते. ताजी, स्वच्छ जागेवरची हरळीही चालते. लसूणघासात कॅल्शियम जास्त असल्याने ती वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीलाच द्यावी. भाताचा पेंढा हा गवताला पर्याय नाही. गिनी पिगला खाता खाताच लेंड्या टाकण्याची सवय असते, त्यामुळे गवत एका रुंद ट्रेमध्ये ठेवले की निम्मी सफाई सोपी होते. पाणी जड चिनीमातीच्या वाटीत किंवा बाटलीत द्यावे. या प्राण्यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून ढोबळी मिरचीचा तुकडा रोज हवा. तो आणि थोडी कोथिंबीर कुंपणात वेगवेगळ्या ठिकाणी लपवून ठेवावी. कांदा, लसूण, बटाटा द्यायचा नाही. आवाक्यातल्या वायरी केसिंगमध्ये घालाव्यात, आणि मनीप्लांटच्या कुंड्या तिथून हलवाव्यात.

पहिल्यांदा सोडताना

वरून हात घालून उचलणे म्हणजे गिनी पिगला शिकारी पक्ष्याची झडप वाटते. म्हणून पिंजराच जमिनीवर कुंपणाला लावून ठेवावा, दार उघडावे आणि त्यांना आपणहून येऊ द्यावे. पहिल्या दिवशी ते खोक्याबाहेर आलेच नाहीत तरी ओढून काढू नये. मुलांनी आत यायचे असेल तर मांडी घालून बसावे, उभे राहून फिरू नये. रुळल्यावर ते अचानक चारही पाय उचलून हवेत उसळ्या मारू लागतात. घाबरू नये, हा आनंद असतो. दात कडकडवण्याचा आवाज मात्र भांडणाचा असतो. अशा वेळी मध्ये टॉवेल टाकून त्यांना वेगळे करावे, उघडा हात घालू नये.

उन्हाळा, पावसाळा आणि रोजची सफाई

उन्हाळ्यात कुंपणात कडप्प्याचा किंवा फरशीचा एक तुकडा ठेवावा. त्यावर ते पोट टेकून पसरतात. बर्फाची बाटली कापडात गुंडाळून कोपऱ्यात ठेवता येते. एसीचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नये, आणि दमट हवेत कूलरचा उपयोग होत नाही. पावसाळ्यात गवताला बुरशी लागते. कुबट वास येणारे गवत फेकून द्यावे. त्या दिवसांत कापड पूर्ण वाळत नाही, म्हणून फ्लीसचे तीन तरी जोड हाताशी असावेत.

लेंड्या रोज दोनदा छोट्या ब्रशने सुपलीत भराव्यात आणि फ्लीस तीन-चार दिवसांनी बदलावे. मशीनमध्ये टाकण्यापूर्वी ते बाहेर झटकून उशीच्या अभ्र्यात बांधावे, नाहीतर केसांनी फिल्टर भरतो. लघवीचे पांढरे खडूसारखे डाग कॅल्शियमचे असतात, ते पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने निघतात. कुंपणाखालची फरशी फिनाइलने पुसू नये. लालसर लघवी दिसली, किंवा गिनी पिगने अर्धा दिवस काही खाल्ले नाही, तर डॉक्टरांकडे नेण्यासाठी उद्याची वाट पाहू नये. प्रत्येक दवाखान्यात या प्राण्याचा अनुभव असतोच असे नाही, म्हणून तसे डॉक्टर कुठे आहेत हे आधीच विचारून ठेवावे. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोघांचे वजन करून तारखेसह लिहावे. आजार हा प्राणी लपवतो, आणि वजनातली घट ही बहुधा त्याची पहिली खूण असते.