सिथियन हरीण कसं बघायचं आणि कसं काढायचं

सिथियन म्हणजे प्राचीन काळी गवताळ मैदानांत घोड्यांवरून फिरणारे भटके लोक. दक्षिण रशियातल्या कोस्त्रोम्स्कायाच्या थडग्यात १८९७ मध्ये सापडलेलं त्यांचं सोन्याचं हरीण आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे, त्याचा मोठा फोटो उघडा आणि पेन्सिल घ्या. आधी पाय बघा, सगळे पोटाखाली दुमडलेत पण मान पुढे ताणलेली, त्यामुळे ते बसलंय की झेपावतंय हे कळतच नाही, आणि खरी जादू तिथेच आहे. मग शिंगं. खऱ्या हरणाची अशी नसतात हो, इथे ती वळणामागून वळण घेत पार पाठीवरून मागे जातात, तेवढी रेघ एका दमात काढा, नाहीतर जीव जातो. खांदा गोल गुळगुळीत करू नका, तिरके सपाट भाग मिळतात तिथे धार दिसली पाहिजे, सुरीने लाकूड तासल्यासारखी, ही सवय कोरीवकामातूनच आली असं बरेच अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटतं.

हरीण जमलं की त्याच भागातल्या केलेर्मेसच्या थडग्यातला सोन्याचा बिबट्या घ्या, त्याच्या पंजांवर आणि शेपटीवर अजून छोटे, गोल गुंडाळलेले बिबटे आहेत, झूम करून बघाच! आणि सायबेरियातल्या अल्ताई डोंगरांमधल्या पाझिरिकच्या थडग्यांत तर बर्फात टिकलेल्या माणसाच्या कातडीवर असे प्राणी गोंदलेत, मागचं धड पिळून उलटं, पाय वर.