मुलांचे टाके उसवू नका: थंडीत घरी शिवायची गोधडी

तीन वर्षांपूर्वी माझी नात सहा वर्षांची असताना आम्ही दोघींनी पहिली गोधडी शिवायला घेतली. एका निळ्या तुकड्यावर तिनं एकटीनं टाके घातले, एक लांब, एक आखूड, मध्येच एक कापडाच्या बाहेर गेलेला. ती झोपल्यावर मी ते उसवले आणि सारखे, बारीक टाके घालून ठेवले. सकाळी तिनं गोधडी उलगडली, तो तुकडा शोधला आणि बोट ठेवून मोजायला लागली. "आजी, माझे अकरा होते. हे चोवीस आहेत." रडली नाही, भांडली नाही. पण त्या थंडीत तिनं पुन्हा सुई हातात घेतली नाही.

तेव्हापासून मी कामाची वाटणीच बदलली. आता आमच्याकडे तिघं शिवतात, कारण पाच वर्षांचा नातूही सामील झाला आहे, आणि मुलांचा एकही टाका उसवावा लागत नाही. गोधडीत दोन तऱ्हेची शिलाई असते. तुकड्याला तुकडा जोडणारी शिलाई पक्की लागते. ती सुटली तर भोक पडतं. थर एकत्र धरणारा वरचा धावदोरा मात्र वाकडा गेला तरी थर तितकेच घट्ट धरतो. म्हणून जोडशिलाई मोठ्यांनी करायची आणि धावदोरा मुलांना द्यायचा. हे एवढं ठरलं की बाकी सगळं सोपं होतं.

कापडापासून सुरुवात करू. सुतीच घ्या. जुन्या साड्या, चादरी, शर्ट, परकर, लहान झालेले फ्रॉक. वापरून मऊ झालेल्या सुती कापडात सुई लोण्यासारखी जाते, आणि मुलांच्या बोटांना तेच हवं असतं. जीन्स बाजूला ठेवा. ती दोन थरांतही लहान हाताला जड जाते. सिंथेटिक कापड निसटतं, इस्त्रीखाली आक्रसतं, आणि सुती तुकड्याशेजारी ते लावलं तर धुतल्यावर दोघांचं पटत नाही. प्रत्येक कापड उजेडासमोर धरून पाहा. जिथं ते विरळ दिसतं तिथं ते विरलेलं आहे, तेवढा भाग सोडून कापा. साडीचा मधला भाग बहुतेकदा गेलेला असतो आणि काठाजवळचा धड असतो.

जुनं असो की नवं, कापायच्या आधी सगळं कापड धुऊन घ्या. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि ते जुन्या कापडाला जोडल्यावर आटलं तर गोधडीला कायमच्या चुण्या पडतात. गडद लाल, निळ्या आणि काळ्या कापडावर ओलं पांढरं फडकं घासून पाहा. फडक्याला रंग लागला तर ते कापड पुन्हा धुवा, तरी लागत असेल तर घेऊच नका. फडकं घासायचं काम नातवाकडे आहे. तो ते इतक्या गांभीर्यानं करतो की त्यानं नापास केलेलं कापड मी कधी गुपचूप परत घेत नाही.

माप ठरवताना पहिल्या वेळी मोह आवरा. मोठ्या माणसाच्या पांघरुणाएवढी गोधडी हातानं शिवायची तर मुलांचा धीर सुटतो. मांडीवर घ्यायची गोधडी करा, ८० बाय १०० सेंटिमीटरची. जाड पुठ्ठ्याचा १२ सेंटिमीटरचा चौकोन कापा, तो कापडावर ठेवून खडूनं आखा आणि असे ८० तुकडे कापा. प्रत्येक बाजूला १ सेंटिमीटर शिलाईत जातो, म्हणून शिवल्यावर तुकडा १० सेंटिमीटरचा उरतो. ८ तुकड्यांच्या १० रांगा केल्या की माप जमतं. पुठ्ठा कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला धरूनच ठेवा. तिरका कापलेला तुकडा ताणला जातो आणि मग रांगेला रांग जुळत नाही. कात्री माझ्या हातात असते, आखायचा खडू नातीच्या.

यानंतरची दुपार मला सगळ्यांत आवडते. तुकडे जमिनीवर मांडायचे. इथं मी तोंड बंद ठेवते. मुलं रंग कसे लावतात ते पाहत राहावं; पिवळ्याशेजारी जांभळा, फुलांच्या छापाशेजारी चौकडा. मी एकच नियम घालते: सारखे दोन तुकडे एकमेकांना चिकटून नकोत. बाकी सगळं त्यांचं. एकदा नातवानं सगळे निळे एका कोपऱ्यात ओतले आणि म्हणाला, हा तलाव. तो तलाव तसाच शिवला, तेवढ्यापुरता माझा नियमही बाजूला ठेवला, आणि ती आमची सर्वांत देखणी गोधडी आहे. मांडणी झाली की फोटो काढून ठेवा आणि प्रत्येक रांगेच्या पहिल्या तुकड्याला क्रमांकाची चिठ्ठी टाचा. नाहीतर कुणी पंखा लावला की सगळं उडालंच.

मुलांना मी अमेरिकेतल्या जीज बेंडच्या गोधड्यांची चित्रंही दाखवते. अलाबामा राज्यातली ही छोटी वस्ती. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून गोधड्या शिवल्या, आणि त्यांतल्या कितीतरी गोधड्यांत रेघा वाकड्या आणि पट्टे कमीजास्त रुंदीचे आहेत. २००२ मध्ये या गोधड्यांची प्रदर्शनं ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयांत भरली, आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांच्यावर १० तिकिटं काढली. नातीला हे कळलं तेव्हा तिनं आपला जुना वाकडा टाका मला पुन्हा घालून दाखवला.

जोडशिलाई यंत्रावर केली तर एका दुपारी होते, हातानं केली तर आठवडा लागतो. हातानं करताना साधा धावदोरा घाला आणि दर चार-पाच टाक्यांनंतर एक उलटी टीप मारा, म्हणजे एक ठिकाण उसवलं तरी पूर्ण शिवण सुटत नाही. आधी रांगा शिवा, मग रांगेला रांग जोडा. एका रांगेतली शिवण डावीकडे वळवून इस्त्री करा, पुढच्या रांगेतली उजवीकडे. मग जोडताना चौकोनांचे कोपरे एकमेकांत नीट बसतात आणि चार कोपरे जिथं भेटतात तिथं गाठोडं होत नाही.

आता थर. खाली अस्तर, मध्ये ऊब देणारा थर, वर ही जोडलेली चादर. अस्तर आणि मधला थर चारही बाजूंनी ५ सेंटिमीटर मोठे ठेवा, शिवताना ते आत ओढले जातात. मधल्या थरासाठी जुनी फ्लॅनेलची चादर किंवा दोन पातळ सुती चादरी उत्तम. सुटा कापूस भरायचा असेल तर धावदोऱ्याच्या रेघा जवळजवळ घ्याव्या लागतात, नाहीतर पहिल्या धुण्यात त्याचे गोळे होतात. मुलांबरोबरच्या गोधडीत मी तो घेत नाही. आणि मोह झाला तरी थरांवर थर चढवू नका. ऊब कापडाच्या वजनातून येत नाही, थरांमध्ये अडकलेल्या हवेतून येते. मुलांना हे पटवायला एका हातावर एकच जाड कापड आणि दुसऱ्यावर तेवढ्याच वजनाची तीन पातळ कापडं सैल ठेवून पाहायला सांगा. डोळे मिटून ते सांगतात कुठला हात गरम आहे.

सपाट फरशीवर अस्तर ताणून चारही कोपरे चिकटपट्टीनं फरशीला चिकटवा, त्यावर बाकीचे थर अंथरा, तळव्यानं मधून बाहेर चुण्या सारा. मग वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं लांब लांब कच्चे टाके घाला, रेघांमध्ये वीतभर अंतर ठेवून. या पायरीची टाळाटाळ करू नका. मी एकदा नुसत्या टाचण्यांवर भागवलं, तर अस्तराला मागून हातभर लांबीची दुमड पडली आणि ती शेवटी दिसली. मुलं बसणार असतील तिथं तर टाचण्या नकोतच.

धावदोऱ्याचं काम दिवसा खिडकीपाशी बसून करा. थंडीत उजेड लवकर जातो, आणि गडद कापडावर गडद दोरा दिव्याखाली कुणालाच दिसत नाही. मुलांसाठी कापडाच्या उलट रंगाचा जाडसर सुती दोरा घ्या. आपला टाका दुरून दिसला की त्यांना हुरूप येतो. मोठ्यांनी ६० सेंटिमीटर दोरा घ्यावा, मुलांनी हातभर, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. त्याहून लांब दोऱ्याला पीळ पडतो, गाठी होतात आणि मूल वैतागतं. दोरा मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढला की गुंतत नाही. या मापाच्या गोधडीत रेघांमध्ये ४ सेंटिमीटर अंतर ठेवलं तर सगळ्या रेघा मिळून साधारण २० मीटर भरतात, म्हणजे सुमारे ५० वेळा सुई ओवावी लागते. मी आदल्या रात्री दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवते. सकाळी सुईच्या नेढ्याशी झटापट करण्यात मुलांचा उत्साह संपत नाही.

सुरुवात कडेनं करून आत आत चौकोनात जायचं, की मधून बाहेर? दोन्ही चालतं. मुलं असतील तर मी कडेनं आत जाते, कारण तिघांना तीन बाजूंना बसता येतं. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायकांची कवंदीही, म्हणजे त्यांची गोधडी, कडेपासून आत शिवली जाते. तिच्या कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाचे छोटे त्रिकोण लावतात, त्यांना फुलं म्हणतात. नातीनं ती चित्रात पाहिली आणि तेव्हापासून आमच्या प्रत्येक गोधडीला चार फुलं असतात. चौकोनी तुकडा तिरका दुमडायचा, पुन्हा दुमडायचा, आणि कोपऱ्यात शिवणीत धरायचा.

कुणाला काय द्यायचं, हे वयापेक्षा हात पाहून ठरवा. पाच वर्षांच्या मुलाला बोथट, मोठ्या नेढ्याची सुई आणि भोकं पाडलेला पुठ्ठा द्या. वर-खाली, वर-खाली हे हाताला कळलं की मग विरळ विणीचं कापड. नातू गोधडीवर माझ्या मांडीवर बसून शिवतो. सुई मी अर्धी आत घालते, ओढतो तो. सहा-सात वर्षांचं मूल खडूच्या ठिपक्यांवरून एकटं जाऊ शकतं. नऊ वर्षांच्या नातीला मी आता ठिपकेही देत नाही. ती अंगुस्ताना, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटावर घालायची टोपी, घालते, आणि तिचे टाके माझ्यापेक्षा मोठे पण सारखे येतात. एका बैठकीला वीस मिनिटं पुरे. मूल उठलं तर उठू द्या, त्याची सुई तिथंच त्याची वाट पाहील असं म्हणू नका. सुई उचलून डबीत ठेवा. बसताना सुया मोजायच्या, उठताना मोजायच्या. एक कमी भरली तर सापडेपर्यंत कुणी अनवाणी चालायचं नाही. मी त्यासाठी लोहचुंबक डब्यातच ठेवते.

पाच वर्षांच्या मुलाला टाक्यांचा कंटाळा येतोच. तेव्हा लोकरीचे गोंडे करायला द्या. पुठ्ठ्याच्या पट्टीवर लोकर साठेक वेळा गुंडाळा, अलगद काढून मधोमध करकचून बांधा, दोन्ही बाजूंचे वेढे कापा आणि गोल छाटा. बांधायची गाठ मोठ्यांनी मारावी. हे गोंडे टोपीला लावा, पिशवीला लावा. बाळाच्या गोधडीला मात्र गोंडे नकोत. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना सैल गोधडी पांघरूच नये, तोंडावर येऊ शकते. त्याच्यासाठी शिवली तर जागेपणी खाली अंथरायला वापरा.

कड बंद करायला वाढलेला मधला थर छाटा, अस्तर दोनदा दुमडून वर आणा आणि हातशिलाईनं टाचा. वेगळ्या रंगाचा गोट लावला तर अधिक शोभतं, पण कोपऱ्यात तो नीट बसवणं नवख्याला जड जातं, पहिल्या वेळी अस्तरच वळवा. शेवटी कच्चे टाके ओढून काढायचे. हे मुलांना फार आवडतं, त्यांच्यासाठीच राखून ठेवा.

धुताना गार पाणी आणि सौम्य साबण, पिळायची नाही, दोरीवर टांगण्याऐवजी सावलीत सपाट पसरायची. ओल्या गोधडीचं वजन एका शिवणीवर आलं की तीच आधी जाते. विरलेल्या जागी ठिगळ लावताना ते भोकापेक्षा चारही बाजूंनी ३ सेंटिमीटर मोठं कापा, कडा आत दुमडा आणि जुन्या टाक्यांवरूनच शिवा, जुनं काही उसवू नका. आमच्या पहिल्या गोधडीतला तो निळा तुकडा यंदा विरला. ठिगळ नातीनं लावलं, तिच्या शाळेच्या जुन्या शर्टाचं.